दूरदेशीचे वादक, एकच अल्बम

१. प्रश्न

एक कलावंत मुंबईत, दुसरा मोनॅकोत, तिसरा कॅलिफोर्नियात आणि चौथा चेन्नईत असताना त्यांचे गाणे-वाजवणे एकाच तालात आणि एकाच षड्जावर, एकाच बैठकीत झाल्यासारखे कसे ऐकू येते, असे श्रोते विचारतात. त्यालाच जोडून दुसरी शंका येते की, व्हिडिओ कॉलवर परदेशातल्या नातेवाइकाशी तासभर गप्पा मारता येतात, तर त्याच कॉलवर त्याच्याबरोबर भजन का म्हणता येत नाही. दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे, आणि ते ध्वनीला व संदेशाला प्रवासासाठी लागणाऱ्या वेळात आहे.

अशा ध्वनिमुद्रणाचे मराठी श्रोत्यांना सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे 'शक्ती' या वाद्यवृंदाचा 'धिस मोमेंट' हा अल्बम. इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि मोनॅकोत राहणारे गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन, माहीमला वाढलेले व पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले तबलावादक झाकिर हुसेन, 'कट्यार काळजात घुसली' या चित्रपटामुळे मराठी घराघरांत पोहोचलेले शंकर महादेवन, व्हायोलिनवादक गणेश राजगोपालन आणि खंजिरा व इतर तालवाद्ये वाजवणारे चेन्नईचे व्ही. सेल्वगणेश असे पाच जण त्यात आहेत. करोनाच्या साथीत प्रवास थांबल्यावर या मंडळींनी आपापल्या ठिकाणी ध्वनिमुद्रण करून ते एकमेकांकडे पाठवले आणि त्यातून आठ रचना तयार झाल्या. 'अॅबस्ट्रॅक्ट लॉजिक्स' या अमेरिकेतील छोट्या, स्वतंत्र कंपनीने ३० जून २०२३ रोजी तो प्रकाशित केला. १९७७ च्या 'नॅचरल एलिमेंट्स'नंतर 'शक्ती'च्या नावाने निघालेला हा पहिलाच स्टुडिओ अल्बम होता आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला जागतिक संगीताच्या विभागात ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

अशा अल्बमांच्या वर्णनात तीन शब्द वारंवार येतात. जॅझ म्हणजे आफ्रिकी-अमेरिकी समाजात जन्मलेले, ठरलेल्या चौकटीत आयत्या वेळी स्वररचना करण्यावर उभे असलेले संगीत. 'वर्ल्ड म्युझिक' हे नाव १९८७ साली लंडनमधील काही प्रकाशकांनी, दुकानात कोणत्या खणात ठेवावे हे न कळणाऱ्या ध्वनिमुद्रिकांसाठी ठरवले. म्हणजे तो व्यापाराचा शब्द आहे, संगीताच्या एखाद्या प्रकाराचे वर्णन नाही. अँबियंट संगीत म्हणजे ठाशीव ताल किंवा ठळक धून न ठेवता, खोलीभर पसरून राहील अशा दीर्घ ध्वनींचे संगीत.

या प्रकरणातील हिशेबांसाठी रायगडचा किनारा हे ठिकाण धरले आहे. मांडव्याहून बोटीने मुंबई तासाभरावर येते, पावसाळ्यात गेटवेच्या लाँचसेवा बंद होतात, आणि मुंबईच्या गोंगाटापासून दूर राहूनही मुंबईच्या स्टुडिओंशी नाते ठेवू पाहणाऱ्या कलावंताला हा किनारा सोयीचा आहे. शिवाय निरनिराळ्या जगांच्या एकत्र येण्याला हा किनारा नवखा नाही: रेवदंड्याजवळच्या कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संगमातून झालेली बोली आजही बोलली जाते, आणि याच पट्ट्यातील बेने इस्रायली समाजाने एकोणिसाव्या शतकात आपल्या धर्मकथा मराठी कीर्तनाच्या रूपात मांडल्या.

२. आवाज उशिरा पोहोचतो

नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यातून समुद्राकडे निघालेली मिरवणूक लांबलचक असते. पुढे बँड असतो, आणि मागच्या टोकाला नाचणाऱ्यांची पावले पुढच्यांच्या पावलांशी जुळत नाहीत, हे बाजूला उभ्या असलेल्या माणसाला स्पष्ट दिसते. मागचे लोक बेताल नसतात. उष्ण, दमट हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. बँड ७० मीटर पुढे असेल, तर ढोलाचा ठोका मागच्यांच्या कानावर एक पंचमांश सेकंदाने, म्हणजे २०० मिलिसेकंदांनी उशिरा पडतो. एका सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिसेकंद.

बैठकीत गायक आणि तबलजी यांच्यात दोन मीटर अंतर असते, आणि त्यामुळे होणारा सहा मिलिसेकंदांचा उशीर कोणाला जाणवत नाही. एकत्र वाजवणाऱ्यांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसते की, हा उशीर साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांच्या पलीकडे गेला की लय ढासळू लागते. त्याचे कारण साधे आहे. प्रत्येकाला दुसरा किंचित मागे पडल्यासारखा ऐकू येतो, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्यासाठी किंचित थांबतो, आणि दोघांच्या या सौजन्यामुळे लय उतरत जाते.

इंटरनेटवरचा आवाज हवेतून जात नाही. तो काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने जातो, आणि काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो. अलिबाग ते मुंबई ही रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटरची वाट प्रकाश अर्ध्या मिलिसेकंदात कापतो, तेव्हा निव्वळ अंतराचा विचार केला तर अलिबागच्या गायिकेला मुंबईच्या तबलजीबरोबर गाण्यात काहीच अडचण नाही. मोनॅको येथून सरळ रेषेत सुमारे ६,६०० किलोमीटरवर आहे. तेथे पोहोचायला ३३ मिलिसेकंद लागतात. सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,५०० किलोमीटरवर आहे, आणि तेथे आवाज जायला ६७ मिलिसेकंद लागतात. समुद्राखालच्या तारा सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्ष वेळ याहून जास्त असतो. त्याशिवाय आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणे, तो तुकड्यांत पाठवणे आणि वाटेत मागेपुढे झालेले तुकडे पलीकडे पुन्हा क्रमाने लावणे यांत उपकरणांचा वेळ जातो, आणि नेहमीच्या व्हिडिओ कॉलमध्ये हाच भाग सर्वांत मोठा असतो.

आता सॅन फ्रान्सिस्कोचा ६७ मिलिसेकंदांचा आकडा तबल्याला लावून पाहावा. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांच्या गतीने चालला असेल, तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची होते, आणि तबलजी एका मात्रेत चार बोल वाजवत असेल तर एक बोल ६२.५ मिलिसेकंदांचा होतो. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोहून येणारा तबला उत्तमातल्या उत्तम तारेवरूनही एका बोलाहून अधिक मागे राहतो. सवाल-जवाबात जेथे एका बोलाची चूक श्रोत्याला खटकते, तेथे हा उशीर कोणत्याही कौशल्याने भरून निघत नाही, कारण प्रकाशाचा वेग वाढवता येत नाही. गप्पा मारताना तो जाणवत नाही, याचे कारण बोलणारे आळीपाळीने बोलतात. भजन म्हणणारे मात्र एकाच क्षणी तोंड उघडतात.

३. थरांवर थर

उशीर टाळता येत नसेल तर तो निरुपद्रवी करता येतो. त्याचा मार्ग असा की सर्वांनी एका वेळी वाजवायचेच नाही. पहिल्याने आपला भाग मुद्रित करून पाठवायचा, दुसऱ्याने तो कानात ऐकत आपला भाग मुद्रित करायचा, तिसऱ्याने त्या दोघांना ऐकत आपला, आणि शेवटी हे सगळे वेगवेगळे पट्टे, ज्यांना ट्रॅक म्हणतात, एकमेकांवर ठेवून त्यांचे लहानमोठेपण ठरवायचे. या शेवटच्या कामाला मिक्सिंग म्हणतात. एकाच फितीवर असे अनेक पट्टे शेजारी शेजारी ठेवण्याचे तंत्र अमेरिकी गिटारवादक लेस पॉल यांनी १९५० च्या दशकात पुढे नेले, आणि हिंदी-मराठी चित्रपटगीतेही गेली काही दशके याच रीतीने तयार होत आली आहेत. दूरस्थ अल्बमात नवीन आहे ते एवढेच की पट्टे एका इमारतीत जन्माला येत नाहीत.

दोन स्वतंत्र यंत्रांवर एकाच वेळी केलेली मुद्रणे नंतर जोडली तर ती हळूहळू सरकतात, कारण प्रत्येक यंत्राचे आतले घड्याळ किंचित वेगळे चालते. आधीचा पट्टा ऐकत त्याच यंत्रावर पुढचा मुद्रित केला की ही अडचण राहत नाही, कारण ऐकवणे आणि मुद्रित करणे ही दोन्ही कामे एकाच घड्याळावर होतात.

पाठवायचा ऐवज किती मोठा असतो, याचाही हिशेब सोपा आहे. यंत्र ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४८,००० वेळा मोजते आणि प्रत्येक मोजमाप तीन बाइट जागा घेते. म्हणजे सेकंदाला १,४४,००० बाइट, मिनिटाला सुमारे साडेआठ मेगाबाइट, आणि आठ मिनिटांच्या रचनेचा एक पट्टा ६९ मेगाबाइटचा. असे वीस पट्टे झाले की सुमारे १.४ गिगाबाइट होतात, आणि गावातल्या साध्या जोडणीवरही रात्रभरात ते पलीकडे पोहोचतात.

या पद्धतीचा एक गुण किनाऱ्यावरच्या माणसाला लगेच पटेल. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा अनेक गावांत कित्येक दिवस वीज आणि संपर्क नव्हता. थेट वादनाला अखंड जोडणी लागते. पट्ट्यांच्या देवाणघेवाणीत मात्र तार तुटली तर काम थांबते, बिघडत नाही, आणि वीज आल्यावर ते तेथूनच पुढे सुरू होते.

४. घड्याळ कोणाचे?

अलिबागला १९०४ सालापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद करणारी वेधशाळा आहे. ती आधी मुंबईत कुलाब्याला होती, परंतु शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार हे ठरल्यावर त्यांच्या विद्युतप्रवाहाने नाजूक उपकरणे बिघडू नयेत म्हणून हे काम समुद्रापलीकडे हलवले गेले. तेथील नोंदी जगातल्या इतर वेधशाळांच्या नोंदींशेजारी ठेवून पाहता येतात, कारण प्रत्येक नोंदीबरोबर सर्वमान्य वेळ लिहिलेली असते. दूरस्थ अल्बमालाही अशाच एका सर्वमान्य काळरेषेची गरज असते.

ती पुरवण्याचा प्रचलित मार्ग म्हणजे क्लिक, अर्थात कानात सतत वाजणारा, अंतिम अल्बमात न येणारा टकटक ठोका. तो काटेकोर असतो, आणि त्यातच त्याचा दोष आहे: गाणारा माणूस मुखड्याकडे येताना किंचित रेंगाळतो, तिहाई संपवताना किंचित पुढे झेपावतो, आणि क्लिक या दोन्ही गोष्टी मारून टाकतो. म्हणून अनुभवी कलावंत पुष्कळदा क्लिकऐवजी माणसाने वाजवलेला ठेका पायाला ठेवतात.

येथे भारतीय ताल फार उपयोगी पडतो. सोळा मात्रांचे आवर्तन संपले की पुन्हा सम येते, आणि समेवर सर्वांनी भेटायचे हे ठरलेले असते. मधल्या मात्रांत कोण कोठे भटकले याची चिंता करावी लागत नाही. २००५ साली निघालेल्या 'निंजाम' नावाच्या संगणक प्रणालीने हीच कल्पना वेगळ्या वाटेने गाठली. तिने उशीर कमी करण्याऐवजी मुद्दाम वाढवला, इतका की तो बरोबर एका पूर्ण चक्राएवढा व्हावा. प्रत्येक वादकाला इतरांनी मागच्या चक्रात वाजवलेले ऐकू येते आणि तो त्यावर चालू चक्र वाजवतो, त्यामुळे समेवर सम बसते. जेथे स्वरांची साखळी चक्रागणिक बदलते, तेथे ही युक्ती गडबडते. एका ठेक्यावर आणि एका षड्जावर चालणाऱ्या संगीतात ती निभावून जाते.

५. षड्जाचा करार

ताल जुळला तरी स्वर जुळावे लागतात, आणि येथे दोन संगीतपद्धतींमधला खरा पेच आहे. गायक तंबोऱ्याच्या नादात शुद्ध गंधार लावतो, तेव्हा तो षड्जाच्या सव्वापट कंपनसंख्येवर असतो: षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा असेल, तर गंधार ३०० कंपनांचा. गिटार किंवा पियानो यांचे सप्तक बारा सारख्या पायऱ्यांत विभागलेले असते, आणि त्यांचा गंधार सुमारे ३०२.४ वर येतो. हे दोन्ही गंधार एकत्र वाजले की कानाला सेकंदाला साधारण अडीच वेळा उठणारी-बसणारी थरथर जाणवते. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत राहिली, त्या वादाच्या मुळाशी असलेल्या कारणांपैकी हे एक होते.

एका खोलीत बसलेले कलावंत ही थरथर ऐकून क्षणात स्वर सावरून घेतात. दूर बसलेल्यांना ते आधी ठरवावे लागते: षड्ज कोणता, गिटारने गंधारावर टिकून राहायचे की त्याला नुसता स्पर्श करून निघायचे, व्हायोलिनने कोणाच्या बाजूने झुकायचे. मॅकलॉफ्लिन यांनी शंकर महादेवन आणि झाकिर हुसेन यांच्यासह केलेला 'इज दॅट सो?' हा २०२० चा अल्बम या पेचावरच उभा आहे. रागाच्या अंगाने गायलेल्या आवाजाखाली पाश्चात्त्य स्वरसंवाद, म्हणजे एका वेळी वाजणाऱ्या अनेक स्वरांचे बदलते गट, मांडण्याचा तो प्रयत्न होता आणि त्याला सुमारे सहा वर्षे लागली. स्थिर षड्जावर जगणारा राग आणि पायाच सरकवत नेणारा स्वरसंवाद यांना एकमेकांना इजा न करता एकत्र नांदवणे हे केवळ यंत्राचे काम नाही, हे त्या सहा वर्षांवरून लक्षात येते.

६. ठोका नसलेले संगीत

अँबियंट संगीतात ठोकाच नसल्यामुळे उशिराचा प्रश्न जवळजवळ नाहीसा होतो. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७८ च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'मध्ये वेगवेगळ्या लांबीच्या फितींची कडी करून त्या एकाच वेळी फिरत ठेवल्या. समजा, एक कडी २० सेकंदांची आणि दुसरी २३ सेकंदांची आहे. दोन्ही एकत्र सुरू झाल्या तर त्या पुन्हा एकत्र यायला ४६० सेकंद, म्हणजे पावणेआठ मिनिटांजवळ वेळ जातो, आणि तोवर प्रत्येक फेरीला त्यांचा मेळ नवा असतो. अशी एक कडी मुरूडहून आणि दुसरी हॅम्बुर्गहून आली, तरी रचनेचे काही बिघडत नाही. भारतीय कानाला ही कल्पना परकी वाटू नये, कारण चार तारांचा तंबोरा स्वतःच्या संथ चक्रात कोणत्याही तालाशी बांधून न घेता फिरत असतो.

किनाऱ्याचा आवाज अशा अल्बमात घेण्याचा मोह होतो, आणि तो आवरता घ्यावा लागतो. समुद्राच्या गाजेत खर्जापासून तारापर्यंतच्या सर्व पट्ट्यांतले ध्वनी असतात, त्यामुळे ती मोठी ठेवली की गायकाच्या व्यंजनांवर आणि तबल्याच्या चाटेवर पसरते आणि त्यांना झाकून टाकते. जाणकार ध्वनिमुद्रक तिचा वरचा भाग कापून ती खाली, ऐकू येईल न येईल अशी ठेवतो. जागा आणि वेळ यांनाही महत्त्व असते. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते, तेव्हा पाणी लांब गेलेले असते आणि मुद्रणात वारा अधिक, लाट कमी मिळते. भरतीत दगडी तटावर आपटणारे पाणी स्वतंत्र ठोके देते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून शांत पहाट आणि पूर्ण भरती यांचा मेळ साधायला पंचांग पाहून दिवस निवडावा लागतो. सुरूच्या बनातली वाऱ्याची सळसळ दुरून लाटेसारखीच ऐकू येते, आणि नुसत्या मुद्रणावरून दोन्ही वेगळ्या ओळखणे नवख्याला कठीण जाते.

७. मालकी

स्वतंत्र अल्बम म्हणजे मोठ्या कंपनीच्या पैशावाचून काढलेला अल्बम. त्यात रचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क हे दोन वेगळे असतात. भारतात २०१२ च्या कायदेदुरुस्तीने रचनाकार व गीतकारांचा मानधनावरचा हक्क बळकट केला. दूर राहून काम करणाऱ्यांनी या हक्कांतले आपापले वाटे पहिला पट्टा पाठवण्याआधीच लिहून ठेवावेत, कारण वर्षभराने कोणती ओळ कोणी सुचवली होती हे कोणालाच नीट आठवत नाही.

८. नजर

या पद्धतीत काय हरवते, याचा विचार केल्याशिवाय विषय पुरा होत नाही. पट्ट्यांच्या क्रमात पहिला कलावंत कोणालाच ऐकत नाही आणि शेवटचा सर्वांना ऐकतो. पहिल्याला उत्तर मिळते, पण त्या उत्तराला प्रत्युत्तर देण्याची संधी त्याला मिळत नाही. जॅझमध्ये आणि रागसंगीतात हेच देणेघेणे प्राणासारखे असते. त्यावरचा एक उपाय म्हणजे पट्टा दोन-तीन वेळा फिरवणे, आणि दुसरा, अधिक महत्त्वाचा, म्हणजे पहिल्यानेच मोकळ्या जागा ठेवून वाजवणे. न दिसणाऱ्या सोबत्यासाठी किती जागा ठेवायची हे कळायला तो सोबती आधी ओळखीचा असावा लागतो.

मराठी मुलखातील एक जुने उदाहरण येथे बोलके आहे. बेळगावात जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे मुंबईत वाढलेले पुत्र त्रिलोक गुर्टू जर्मनीत स्थायिक झाले आणि जॅझच्या जगात तालवादक म्हणून नावारूपाला आले. 'सीएमपी' या जर्मनीतील स्वतंत्र कंपनीने १९८८ साली काढलेल्या त्यांच्या 'उसफ्रेट' अल्बमात अमेरिकी ट्रम्पेटवादक डॉन चेरी आणि गिटारवादक राल्फ टाउनर यांच्याबरोबर शोभाताईंचा आवाज आहे. त्या आवाजाभोवती ताल कसा ठेवावा हे त्रिलोक यांना कोणी शिकवावे लागले नसणार. तो आवाज ते लहानपणापासून घरात ऐकत आले होते.

'शक्ती'च्या बाबतीतही असेच म्हणता येते. मॅकलॉफ्लिन आणि झाकिर हुसेन १९७० च्या दशकाच्या आरंभापासून एकत्र वाजवत होते. सेल्वगणेश हे मूळ 'शक्ती'तील घटमवादक विक्कू विनायकराम यांचे पुत्र. शंकर महादेवन डिसेंबर २००० मध्ये मुंबईत मुद्रित झालेल्या 'सॅटरडे नाइट इन बॉम्बे' या मैफलीत या मंडळींबरोबर गायले होते. 'धिस मोमेंट'मधील 'श्रीनीज ड्रीम' ही रचना ज्यांची आठवण ठेवते, ते मँडोलिनवादक यू. श्रीनिवास २०१४ साली वारले, पण त्याआधी अनेक वर्षे याच मंचावर होते. चार ठिकाणांहून आलेले पट्टे एका बैठकीसारखे ऐकू येतात, त्याचे अर्धे श्रेय तंत्राला असेल. उरलेले अर्धे या मंडळींनी शेजारी बसून काढलेल्या वर्षांचे आहे. म्हणून नव्या कलावंतांनी दुरून अल्बम करायचा बेत आखला, तर आधी एकदा समोरासमोर बसून काही दिवस तालीम करावी आणि मगच आपापल्या गावी जाऊन मुद्रण सुरू करावे. 'शक्ती'ने अल्बम प्रकाशित होण्याच्या आधीच, जानेवारी २०२३ मध्ये, मुंबईसह भारतातील शहरांत एकत्र मंचावर येऊन मैफली केल्या.